आमची कुठेही शाखा नाही

"काय व मास्तरीनबाई, काय शिकवून राह्यल्या तुमी पोट्ट्याइले? आमचं पोट्टं काल रातभर नांगर ईकून राह्यलं!"

काकूंनी कुंपणापाशी येऊन असा सवाल टाकला की समजायचं, सकाळची निदान तासाभराची निश्चिंती झाली. आमच्या दोन घरांच्या मधे तारेचं कुंपण, तारेवर वालाचा वेल, आणि शेंग ज्याच्या बाजूला लोंबेल त्याची, असा जुना करार. थंडी चांगली पडलेली. काकूंनी उन्हात बाज ओढली होती, मांडीवर सूप, सुपात ओल्या तुरीच्या शेंगा. सोलेभाताचा बेत दिसत होता.

"कुणाला विकला नांगर?" मी विचारलं.

"आंदी मले. मंग त्याच्या आज्याले. 'त्वरा करा, त्वरा करा, साठा मर्यादित!' म्हनलं झोप रे बाप्पा, नांगर काय रातच्यातून पयून जाते? त म्हनते, आजी, शेवटची ओळ आयक. अन् काय लिवलं होतं माहीत हाय? आमची कुठेही शाखा नाही!"

मला हसू आवरेना. मराठी माणसाने जाहिरातीच्या शास्त्रात घातलेली ही सर्वांत मोठी भर. चिवडा असो, साड्या असोत, दुकान एका गाळ्याचं असो, पाटीच्या तळाशी ही ओळ ठसक्यात बसलेली असते. बाकीचे लोक शाखा किती आहेत ते सांगतात, आपण एकही नाही म्हणून मान ताठ करतो. आणि या पठ्ठ्याने ती 1903 सालच्या लोखंडी नांगराखाली नेऊन चिकटवली होती.

तर गृहपाठाची भानगड अशी. दहावीच्या मराठीत जाहिरातलेखन असतं, पाच मार्कांचं. दरवर्षी पोरं छत्री विकतात, दप्तर विकतात, आणि सगळ्यांच्या वहीत तीच तीन वाक्यं: त्वरा करा, एकावर एक फ्री, आजच भेट द्या. परीक्षेत मार्क मिळतात, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही. इतिहासाच्या पुस्तकात दुसरीकडे प्रसारमाध्यमांचा एक धडा आणि मनोरंजनाच्या माध्यमांचा एक धडा, तेही पोरं सनावळी घोकून मोकळी होतात. दोन्ही विषय माझ्याकडेच आहेत. यंदा मी दोन्हीची गाठ मारली. म्हटलं, छत्री नको. एक जुना शोध निवडा, तो ज्या साली बाजारात आला त्या सालात जा, आणि ज्याने ती वस्तू जन्मात पाहिलेली नाही अशा माणसाला ती विका.

"मंग यात काय मोठं?" काकू म्हणाल्या. "नांगर तर नांगर. सारेच घेतेत."

"आज घेतात. तेव्हा घेत नव्हते."

मग मी काकूंना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिकवायची नोकरी सोडून हा माणूस बेळगावात आला, सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगराच्या मागे लागला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, कारखाना मोठा झाला, ते सगळं पुस्तकात असतं. ती दोन वर्षं मात्र कोणी शिकवत नाही, आणि माझ्या मते खरा धडा त्या दोन वर्षांतच आहे.

"त्याइचं काय चुकलं?" काकूंनी शेतकऱ्यांची बाजू घेतली. "आमच्या मामंजीनं ट्रॅक्टर पयल्यांदा वावरात घुसू देल्ला नव्हता. म्हने, माती दबून जाईन."

मामंजी काही अगदीच खोटं बोलत नव्हते, हे शेतीचा कोणीही पदवीधर सांगेल. पण तो विषय काढला असता तर दुपार झाली असती.

"बरं, मग तुमच्या मामंजींना तो नांगर कसा विकला असता तुम्ही?"

काकूंनी शेंग सोलता सोलता क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मजबूत हाय, टिकाऊ हाय, असं म्हनून बुढ्यानं एक पैसा देल्ला नसता. ज्याले भेव वाटते त्याले भेवाचंच उत्तर द्या लागते. म्हनाचं, आंदी तुमच्या शेजाऱ्याच्या वावरात चालवून दाखवतो. त्याचं पीक पाहा, मंग पैसे काढा. अन् शेजारी असा पाहाचा का ज्याच्याशी बुढ्याचं पटत नाई. त्याचं पीक चांगलं आलं त बुढा दुसऱ्याच दिवशी नांगर घेते!"

मी वर्गात इतका वेळ फळ्यावर लिहिते, पण गिऱ्हाइकाची ओळख या विषयावर इतकं नेमकं बोलायला मला जमलेलं नाही. नातवाने दुसऱ्या दिवशी जाहिरात बदलून आणली. 'जमीन नासेल अशी शंका आहे? रास्त आहे. पाटलांच्या धुऱ्याला या, तास पाहा, माती हातात घेऊन पाहा.' त्वरा करा गेलं. शाखा मात्र राहिली, तिथे तो ऐकायला तयार नाही.

किर्लोस्करांच्या घरातही ही अक्कल उशिरा का होईना पण फार चांगली उगवली. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते आधी कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठीच. त्याचं पुढे मराठीतलं अख्खं नावाजलेलं मासिक झालं. नांगराच्या जाहिरातीतून मासिक उगवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

एवढ्यात पलीकडच्या वहिनी आल्या. आल्या होत्या विरजण मागायला, पण वाटी हातातच राहिली. त्यांची लेक माझ्याच वर्गात, गणितात पक्की, मराठीत कंटाळा. तिने शोध निवडला होता सिनेमा.

"तुम्ही काय सांगितलं तिला फाळक्यांचं? काल कॅलकुलेटर घेऊन बसली होती जाहिरात लिहायला!"

दादासाहेब फाळक्यांचं प्रकरण मी वर्गात अगदी चवीने सांगते. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मुंबईला सिनेमा नवा नव्हता. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं 7 जुलै 1896 लाच वॉटसन हॉटेलात दाखवून झाली होती आणि वर्तमानपत्रात शतकाचं आश्चर्य म्हणून जाहिरातही झाली होती. पण फाळके चित्रपट घेऊन सुरतेला गेले, तिथे पंचाईत झाली. पहिल्या खेळाचा गल्ला म्हणे तीन रुपये! लोकांचा हिशेब सरळ होता. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळतं, मग तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण बघेल? फाळक्यांनी तिकीट कमी केलं नाही. जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि किंमत फक्त तीन आणे! गर्दी लोटली.

"दोन मैल!" काकूंनी शेंग तशीच सुपात टाकली. "म्हनजे गिऱ्हाईक मापानं घेते त मापच मोठं करून सांगतलं. लुगडं ईकल्यासारखं."

"तेच. देवाचं, कलेचं, स्वदेशीचं काही सांगितलं नाही. समोरचा तास मोजतोय हे ओळखलं आणि त्याला मोजायला दुसरं काहीतरी दिलं."

"पण माझ्या पोरीनं तिथेच पकडलं ना," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि असायलाच हवा होता. मुलीने कुठून तरी शोधलं की पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. सत्तावन्न हजाराला सोळाने भागलं, आले साडेतीन हजार फुटांच्या वर. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे 3700 फूट दिली जाते, म्हणजे फोटोंचा आकडा बरोबर. पण मैल असतो 5280 फुटांचा. म्हणजे चित्र दोन मैल सोडा, एक मैलही भरत नाही! जोडीला दाखवलेल्या किरकोळ फिती त्यात धरल्या असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर दादासाहेबांनी सुरतकरांना सव्वा मैल वरून दिला.

"त्यानं काय बिघडलं?" काकूंचं मत. "पाह्यलं ना लोकाइनं? आवडलं ना?"

यावर वहिनी आणि काकूंची जी जुंपली ती मी लिहीत नाही. मुलीने मात्र जाहिरातीत फोटो ठेवले आणि मैल गाळले. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

खरेपणाची गोष्ट निघाली म्हणून टेलिफोनचं सांगितलं. बेलच्या मंडळींनी 1877 साली टेलिफोन भाड्याने द्यायची जाहिरात काढली. घरगुती वापरासाठी दोन यंत्रांचे वर्षाला 20 डॉलर, धंद्यासाठी 40. आणि त्यात त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं की थोडा सराव लागेल, अधूनमधून एखादा शब्द, एखादं वाक्य पुन्हा म्हणावं लागेल.

"हे तर आताबी लागते," काकू म्हणाल्या. "धुऱ्यावर गेलं का हॅलो, हॅलो, आयकू येते का, अन् मंग पोट्टं आंब्यावर चढते रेंज पाहाले. दीडशे वर्षं झाले तरी दुरुस्त नाई केलं काय?"

या जाहिरातीवरूनच मला आधी एक गोष्ट सुचली होती आणि गृहपाठाला मी दुसरी अट जोडली होती. कागदाच्या पुढच्या बाजूला जाहिरात, आणि मागच्या बाजूला जाहिरातीने जे सांगितलं नाही ते. पुढची बाजू मराठीची, मागची इतिहासाची. पोरांना पुढची बाजू आवडते, रंग भरता येतात. मला मागची आवडते.

एका मुलीचे वडील जिनिंगमध्ये कामाला. तिने निवडलं ते एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र, साल 1793, देश अमेरिका. कापसाच्या मुलखातल्या पोरीने निवडावं असंच. पुढची बाजू झकास: हाताने दिवसभर बसून सरकी वेगळी करणारा माणूस एकीकडे, आणि दांडा फिरवून दिवसाला पन्नास पौंड रुई काढणारं यंत्र दुसरीकडे. खाली तिने हुशारीने टीप दिली की आपल्याकडच्या जिनिंगमध्ये दिसतात ते रोलर वेगळ्या जातीचे, त्यांचा मूळपुरुष मॅकार्थी, 1840 सालचा. हे तिला बाबांनी सांगितलं नव्हतं, बाबांना तिनेच सांगितलं.

"व्हिटनी आणि त्याचा भागीदार यंत्र विकतच नव्हते," मी म्हटलं. "कापूस आमच्याकडे आणा, आम्ही सरकी काढून देतो, मोबदला पाचात दोन वाटे."

"पाचात दोन?" काकू बाजेवरून उठल्याच. "बटाईनं देल्लं वावर परवडलं!"

तिथल्या शेतकऱ्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी गावच्या लोहाराकडून तसलीच यंत्रं करून घेतली, व्हिटनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला आणि यंत्रावर त्याला म्हणावा तसा पैसा कधी मिळालाच नाही. वहिनींना हे फार आवडलं. पण मुलीने कागद उलटला तिथे दुसरंच होतं. सरकी काढणं सोपं झालं, म्हणून कापूस लावणं फायद्याचं झालं. लावायला आणि वेचायला माणसं लागली, आणि ती माणसं गुलाम होती. 1790 साली अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, 1860 साली जवळजवळ चाळीस लाख. काम हलकं करणाऱ्या यंत्राने कामाला जुंपलेली माणसं पाचपटीहून वाढवली. तिने एवढेच दोन आकडे लिहिले होते, बाकी कागद कोरा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला इतकं कळतं की इथे विशेषणं नकोत. आपल्याकडचे मोठे लेखक तिथे अर्धं पान खर्च करतील.

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतः बालपणापासून कापूस वेचला आहे.

मग मीच गाडी पुढे नेली. त्याच गुलामीवरून तिकडे 1861 ते 1865 युद्ध पेटलं, अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 साली खामगावला रेल्वे पोचली ती कापसासाठी. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला आपली मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे आली तीही कापसासाठी. आमच्या दारव्हा मोतीबाग स्टेशनचा एक धागा असा व्हिटनीच्या दांड्याला जाऊन मिळतो.

"शकुंतलेची जाहिरात नाही केली कोणी?" वहिनींनी विचारलं.

केली तर! एकाने केली. 'बसा आणि चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडा.' मी म्हटलं, बाळा, हे 1903-04 सालच्या माणसाला नाही, तुझ्या आजोबांच्या आठवणीला विकतो आहेस तू. तेव्हाच्या माणसाने बंडीने दिवस दिवस प्रवास केलेला, त्याला ही गाडी वाऱ्यासारखी वाटली असणार. संथपणाची थट्टा नंतरची. मँचेस्टरचं 1921 सालचं इंजिन 1994 पर्यंत धावत होतं, त्यात इंजिनाचं कौतुक किती आणि कंपनीची काटकसर किती, हे मागच्या बाजूला लिही म्हटलं. गाडी आता बंद आहे, त्यामुळे जाहिरात कितीही चांगली केली तरी गिऱ्हाइकाला तिकीट मिळणार नाही.

एका मुलाचा आग्रह होता तळपद्यांच्या विमानाचा. 1895, मुंबईची चौपाटी, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं. व्हॉट्सॲपवर आलेलं. मी म्हटलं, त्या दिवसाचा पुरावा आण आणि खुशाल कर. पुरावा काही मिळेना. मिळालं ते हे, की ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाच्या नावावर ही कथा चालते त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 साली तपासणी केली आणि त्यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही असा निष्कर्ष काढला. पोरगा हिरमुसला. मग त्याला शंकर आबाजी भिसे दिले. मुंबईत 1867 साली जन्मलेला अस्सल मराठी संशोधक, दादाभाई नौरोजींचा पाठिंबा मिळवून लंडनला गेला, छपाईचे खिळे भराभर पाडणारं यंत्र केलं, जाहिराती उजळून दाखवणारं यंत्रही केलं, आणि 1935 साली न्यूयॉर्कला वारला. खरा माणूस हाताशी असताना आपण चौपाटीवर विमान शोधत बसतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

"मागची बाजू," वहिनी एकदम म्हणाल्या आणि इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला, "त्या कोपऱ्यावरच्या घरच्या पोराचा बायोडाटा पाहिला का तुम्ही? स्वतःचा व्यवसाय, असं लिहिलंय."

"पानठेला हाय!" काकू.

"शेती सात एकर, ओलीत."

"ओलीत हाय न. हीर हाय. हिरीत पानी नाई, थे मांगच्या बाजूले लिवलं असन!"

हा भाग मी वर्गात सांगणार नाही, पण माझी अट इतक्या लवकर कोणाला कळली नव्हती.

हसणं ओसरल्यावर काकू घरात गेल्या आणि एक रिकामं पाकीट घेऊन आल्या. कपाशीच्या बियाण्याचं, काही वर्षांपूर्वीचं, हळद-मीठ ठेवायच्या फळीवर जपून ठेवलेलं. पुढे ढगासारखी फुटलेली बोंडं आणि हसरा शेतकरी. बीटी कपाशीला परवानगी 2002 सालची. तेव्हापासून जूनच्या आधी जीपवर भोंगा लावून गावोगाव जी जाहिरात फिरते, ती आमच्या पोरांनी पाळण्यापासून ऐकली आहे.

"याच्यात एक बारकी पुडी ये," काकू म्हणाल्या. "थे आमी फेकून देओ. कोनी सांगतलंच नाई कायची हाय थे."

ती 120 ग्रॅमची पुडी साध्या, बीटी नसलेल्या कपाशीची. शेताच्या कडेने लावायची, म्हणजे अळी त्यावर जगते आणि बीटीला सरावत नाही. ती बहुतेकांनी लावलीच नाही. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, त्यामागे इतर कारणंही होती, पण हे एक होतंच. त्याच साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. भोंग्यावर उत्पन्नाचा आकडा खणखणीत ऐकू येतो. पुडी, हातमोजे आणि तोंडावरचं फडकं बारीक अक्षरात.

म्हणून मला हा गृहपाठ पाच मार्कांचा वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या पोराने जाहिरात नीट वाचली नाही तर फार तर साबण चुकतो. दारव्ह्याच्या पोराचं वर्ष चुकतं.

काकूंनी पाकीट माझ्या हातात दिलं. "हे बी लावा तुमच्या शायेत. पन उलटं लावा."

वहिनींना विरजण शेवटी मिळालं. जाहिरातींचं प्रदर्शन येत्या शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात आहे. प्रत्येक कागद दोरीला टांगलेला असेल, मागून फिरून वाचता येईल असा. ज्यांच्या घरात बियाण्याची, औषधाची जुनी पाकिटं, जुनी हँडबिलं, अगदी किर्लोस्करांच्या नांगराचं एखादं पत्रक पडून असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये, घेऊन यावं. आणि काकूंच्या नातवाकडून नांगर घ्यायचा असेल तर तिथेच घ्यावा. त्याची कुठेही शाखा नाही.